पाण्याची पेटी आणि तिचे टीकाकार

आमच्या विद्यापीठीय जगांत एखाद्या गोष्टीची निंदा करावयाची असली म्हणजे तिला 'खेळणें' म्हणावें, ही फार जुनी व फार सोयीची रीति आहे. खेळणें म्हटलें कीं पुढें विचार करण्याचें कारण उरत नाहीं. गेल्या वर्षभरांत हा शब्द आम्हीं ज्या वस्तूविषयीं पुनःपुनः ऐकला ती वस्तु म्हणजे गोरेगांवच्या आरे कॉलनींत राहणाऱ्या एका तरुणानें स्वतःच्या हातांनीं बांधलेली, पाण्यानें थंड होणारी, जेमतेम बारा लिटर आकारमानाची संगणकाची पेटी. आमच्या मतें ती पेटी हें खेळणें नसून विद्या आहे. आणि तिला खेळणें म्हणणाऱ्यांच्या कपाटांत ज्या सोनेरी अक्षरांच्या जाडजूड वह्या आहेत, त्यांतील पुष्कळांना हा शब्द अधिक शोभेल. हें मत कांहींसें कडक आहे, तेव्हां त्याचीं कारणें सांगणें प्राप्त आहे.

आक्षेप घेणाऱ्यांची गंमत अशी कीं, त्यांचे आक्षेप एकमेकांनाच खोडून काढतात. कोणी म्हणतात, हा श्रीमंतांच्या पोरांचा शोक आहे. कोणी म्हणतात, हें मिस्त्रीचें काम आहे, पदवीधरानें त्यांत हात काळे करूं नयेत. एकाच पेटींत श्रीमंताचा शोक आणि मिस्त्रीचें काम हीं दोन्ही कशीं नांदतात, तें त्यांनाच ठाऊक. तिसरे विचारतात कीं, बाजारांत तयार पेटी मिळत असतां ही यातायात कशाला? आणि अलीकडे निघालेला एक चवथा पंथ आहे. ज्या आरे कॉलनींत झाडांसाठीं एवढा लढा झाला, तेथेंच बसून यंत्राच्या चैनीसाठीं पाणी आणि वीज उधळावी काय, असें ते डोळे मोठे करून विचारतात. या चवथ्या पंथाविषयीं आमच्या मनांत आदर आहे, कारण त्याला निदान उष्णता ही विचार करण्यासारखी गोष्ट वाटते. म्हणून त्याचा समाचार शेवटीं घेऊं.

प्रथम वस्तुस्थिति. या तरुणाचे वडील डेअरींत दूध थंड करण्याच्या यंत्रांवर कामाला होते. आरे कॉलनी जिनें पाहिली नाहीं अशा वाचकमंडळीसाठीं सांगावयाचें तर, १९४९ सालीं मुंबई शहरांतील म्हशींचे गोठे हलवून त्यांना एकत्र जागा देण्यासाठीं गोरेगांवच्या डोंगराळ मुलखांत तीन हजार एकरांहून अधिक जमिनीवर ही वसाहत उभी राहिली. गोठ्यांना तेथें युनिट म्हणतात, आणि माणसें आपला पत्ताही युनिटाच्या क्रमांकावरून सांगतात. अशाच एका युनिटाजवळच्या दोन खोल्यांत हें चौघांचें कुटुंब राहतें. तरुणानें पदवी घेतली ती संगणकशास्त्राची. पोटासाठीं तो चित्रपटांतील दृश्यांवर संगणकीय संस्कार करण्याचें काम करतो. चित्रनगरी १९७७ पासून शेजारींच असल्यामुळें हें काम त्या बाजूच्या मुलांना मिळतें. एकेक दृश्य तयार होण्यास यंत्र रात्र रात्र चालू ठेवावें लागतें, आणि ज्या खोलींत तें चालतें त्याच खोलींत आईवडील झोंपतात. बाजारांतली मोठी पेटी त्यानें दोन वर्षें वापरली. तिचे लहान पंखे भरधाव फिरत व त्यांचा घोंघाट असा कीं, आई म्हणे, पावसाळ्यांत पत्र्यावर पाऊस पडला तरी एवढा आवाज होत नाहीं. शिवाय आठवड्यांतून दोन वेळां यंत्र घेऊन संकलनाच्या जागीं जावें लागे. तीस-चाळीस लिटरांची पेटी बसमध्यें मांडीवर घेऊन बसणें ही काय चीज आहे, हें ज्यांची मोटार दाराशीं उभी असते त्यांना कळावयाचें नाहीं. लहान आकार आणि शांतता या दोन गोष्टी त्याला गरज म्हणून हव्या होत्या. श्रीमंतांच्या शोकाचा आक्षेप येथेंच संपतो. ज्याला स्वतंत्र खोली आहे तो यंत्राचा आवाज दार लावून बंद करतो; ज्याला ती नाहीं त्याला पेटीच निराळी बांधावी लागते.

पाणी कशासाठीं? हा प्रश्न आम्हांस एका पदार्थविज्ञानाच्या अध्यापकांनींही विचारला, म्हणून त्याचें उत्तर सविस्तर देतों. त्या यंत्रांतील मुख्य प्रोसेसर आणि चित्रकामाचें ग्राफिक्स कार्ड मिळून कामाच्या वेळीं सुमारें ३०० वॅट उष्णता बाहेर टाकतात. ही उष्णता केवळ हवेनें न्यावयाची आणि हवेचें तपमान दहा अंशांपेक्षां अधिक वाढूं द्यावयाचें नाहीं असें ठरविलें, तर दर सेकंदास सुमारें पंचवीस लिटर हवा पेटींतून गेली पाहिजे. म्हणजे बारा लिटरांच्या पेटींतली सगळी हवा सेकंदांत दोनदां बदलली पाहिजे, आणि तीही तारा, पत्रे आणि अडगळ यांतून वाट काढीत. तेंच काम पाण्याकडे सोंपविलें तर दर सेकंदास सात मिलिलिटर, म्हणजे चहाचा दीड चमचा पाणी पुरतें. सारख्या आकारमानाचें पाणी हवेच्या सुमारें साडेतीन हजारपट उष्णता वाहून नेतें, हा त्यांतला हिशेब. अर्थात् शेवटीं पाण्यालाही ती उष्णता हवेलाच द्यावी लागते; पण ती कोठें द्यावयाची, हें आतां आपण ठरवूं शकतों. पेटीच्या पोटांत कोंडलेल्या चिपेजवळ जागा नसते. पेटीच्या माथ्यावर असते. तेथें रुंद रेडिएटर बसवावा, त्यावर दोन मोठे पंखे सावकाश फिरवावे, आणि घोंघाट नाहींसा करावा. पाण्याचा गुण थंडपणाचा नसून वाहतुकीचा आहे, हें ज्याला समजलें त्याला ही पेटी समजली.

आतां पेटीच्या रचनेकडे वळूं. बाहेरून ती ३२० × २४० × १६० मिलिमीटर आहे. तींत काय काय मावतें पाहा. मदरबोर्ड १७० मिलिमीटर चौरस. वीजपुरवठ्याचा डबा १२५ × १०० × ६३.५, रेडिएटर सुमारें २७५ लांब, १२० रुंद, आणि पंख्यांसकट त्याची जाडी पंचावन्नाच्या आसपास. माथ्यावर पंचावन्न गेले, खालीं मदरबोर्डास १७० लागले, पत्र्याची जाडी वजा केली, म्हणजे उंचींत बोटभरही शिल्लक राहत नाहीं. आणि त्या बोटभर जागेंतून तारा जावयाच्या. कार्ड मदरबोर्डावर उभें न करतां त्यानें तें पाठीमागें, मधल्या पत्र्याच्या दुसऱ्या बाजूस, पाठीला पाठ लावून बसविलें आणि लवचिक पट्टीच्या तारेनें जोडलें. पंप आणि पाण्याची लहान टांकी वीजपुरवठ्याच्या डब्याशेजारीं. हें सर्व प्रथम आलेखाच्या कागदावर काढलें, मग जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचें रूप केलें. पुठ्ठ्याच्या अकरा पेट्या झाल्या. अकरावींत पंपाची नळी दुमडल्यावांचून वळली, तेव्हां तो पत्र्याकडे गेला.

साकीनाक्याच्या बाजूस पत्रा कापण्याचीं व वांकविण्याचीं लहान वर्कशॉपें आहेत. त्यांपैकीं एका ठिकाणीं दोन मिलिमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लेसरनें कापून घेतला आणि वांकवून घेतला. घरीं आणून पाहतो तों झांकण बसेना. दोन वांकांत मिळून सहा-सात मिलिमीटर जास्त. वर्कशॉपांतल्या कारागिरानें नकाशाबरहुकूम काम केलें होतें. चूक नकाशांत होती. पत्रा वांकला म्हणजे त्याची बाहेरची बाजू ताणते, आंतली आंखडते. म्हणून सपाट पत्र्याची लांबी ही बाहेरून मोजलेल्या दोन बाजूंची बेरीज नसते, दर वांकामागें कांहीं तुकडा वजा करावा लागतो. किती, तें पत्र्याची जाडी, धातु आणि वांकविण्याच्या साच्याची त्रिज्या यांवर अवलंबून. हें कोष्टक त्या कारागिराला तोंडपाठ होतें, आणि आमच्या पदवीधराच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमांत त्याचा उच्चारही नव्हता. कारागिरानें त्याला उभ्या उभ्या एका टाकाऊ पट्टीवर तें शिकविलें. मिस्त्रीचें काम म्हणून नाक मुरडणाऱ्या आमच्या मित्रांना आम्ही एवढेंच विचारतों कीं, त्या क्षणीं त्या वर्कशॉपांत प्राध्यापक कोण होता?

पत्र्यानंतर धातूंचा प्रश्न आला, आणि येथें स्वस्ताईनें घात करण्याचा संभव होता. चिपेवर बसणारे ठोकळे तांब्याचे असतात. बाजारांत मिळणारे कांहीं स्वस्त रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचे असतात. एकाच पाण्यांत तांबें आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र ठेवले म्हणजे व्होल्टानें जी विद्युद्घटमाला केली तिचीच ही घरगुती आवृत्ति होते. अ‍ॅल्युमिनियम झिजूं लागतें, त्याचा गाळ ठोकळ्याच्या सूक्ष्म खांचांत अडकतो आणि सहा महिन्यांत सगळा मामला आटोपतो. म्हणून पेटी अ‍ॅल्युमिनियमची असली तरी पाणी जेथें जेथें लागतें तेथें तांबें, पितळ किंवा निकेलचा मुलामा दिलेलें तांबेंच वापरलें पाहिजे. आमच्या आज्यांना हें शास्त्र ठाऊक नव्हतें, पण कल्हई ठाऊक होती. तांब्या-पितळेच्या भांड्याला आंबट पदार्थ लागूं द्यावयाचा नाहीं, हा नियम घराघरांत पाळला जाई. निकेलचा मुलामा ही त्या कल्हईचीच नात आहे. पाण्याचेंही तसेंच. नळाचें पाणी चालत नाहीं, ऊर्ध्वपातित पाणी लागतें. त्यांत शेवाळ धरूं नये म्हणून औषध घालावें लागतें. कांहीं हौशी लोक त्यांत रंग व चकाकणारी पूड घालतात आणि पेटीला कांचेच्या भिंती करून आंत निळेजांभळे दिवे लावतात. ही हौस आम्हांस मुळींच मान्य नाहीं. ती पूड रेडिएटरच्या बारीक वाटांत साचते, आणि लग्नाच्या मांडवासारखी दिसणारी ती यंत्रें पाहूनच आमच्या टीकाकारांचा ग्रह वाईट झाला असावा. या तरुणाच्या पेटीला कांच नाहीं. पाणी बिनरंगाचें आहे.

विजेच्या यंत्रांत पाणी खेळविणें हा वेडेपणा नव्हे काय, असें भीतीनें विचारणारेही भेटतात. भीति अगदींच निराधार नाहीं. शुद्ध पाणी विजेचें वाईट वाहक असलें तरी धातूच्या संगतींत तें फार दिवस शुद्ध राहत नाहीं, आणि एखादें रबरी वायसर तिरकें बसलें तर हजारों रुपयांचें कार्ड क्षणांत निकामी होतें. पण भीतीवर उपाय पद्धतीचा आहे. प्रथम पाणी न भरतां नळ्यांत हवा दाबून भरावयाची आणि दाबमापकाचा कांटा अर्धा तास तसूभर हालतो कीं नाहीं तें पाहावयाचें. मग पाणी भरून एकटा पंप चोवीस तास चालवावयाचा, बाकीच्या भागांस वीज द्यावयाची नाहीं, आणि प्रत्येक सांध्याखालीं कोरडा कागद ठेवावयाचा. त्याच्या तिसऱ्या सांध्याखालचा कागद ओला झाला. त्यानें सांधा उकलला, वायसर बदललें आणि चोवीस तास पुन्हां पहिल्यापासून मोजले. आमच्याकडे प्रयोगवहींत उत्तर आधीं लिहून निरीक्षणें मागाहून भरण्याची जी कला विद्यार्थी पहिल्याच सहामाहींत आत्मसात करतात, ती येथें चालत नाहीं. ओला कागद कोणाच्या सहीनें कोरडा होत नाहीं.

अशी ही पेटी त्यानें पदवीच्या शेवटच्या वर्षांत प्रकल्प म्हणून सादर करूं म्हटली होती. ज्या महाविद्यालयांत तो शिकत होता त्याचें नांव घेण्याचें कारण नाहीं. अशीं महाविद्यालयें पुष्कळ आहेत. संगणकशाखेच्या परीक्षकांनीं सांगितलें कीं, हा विषय यंत्रशाखेचा. यंत्रशाखेचे परीक्षक म्हणाले, आंत संगणक आहे, तेव्हां आमच्याकडे नको. शेवटीं त्याला एका काल्पनिक रुग्णालयाच्या नोंदवहीची कार्यप्रणाली सादर करावी लागली. तीच प्रणाली त्याच वर्षीं, शब्दाशब्दानें तीच, आणखी तीन गटांनीं सादर केली होती. कारण स्टेशनाबाहेरच्या दुकानांत ती काळ्या पुठ्ठ्याच्या बांधणींत, पाठीवर सोनेरी अक्षरांसकट, तयार मिळते. तिला उत्तम गुण पडले. आम्ही स्वतः वाङ्मयाचे अध्यापक; गुणदानाच्या या पराक्रमांत आमच्याही शाखेचा वांटा कमी नाहीं, हें कबूल करूनच आम्ही विचारतों : खेळणें कोणतें?

हा रोग नवा नाहीं, आणि त्यावरचें औषधही आमच्याच इतिहासांत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकावयास मुंबईस आले, रंगांची पारख नीट होईना म्हणून यांत्रिक रेखनाकडे वळले, आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें तोच विषय शिकवूं लागले. पण ते फळ्यापाशीं थांबले नाहींत. १८८८ सालीं बेळगांवास सायकलींचें दुकान निघालें, १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार झाला, आणि लोखंडानें जमीन विषारी होते असें म्हणणाऱ्या शेतकऱ्यांची समजूत घालण्यांत कांहीं काळ गेला. शिक्षकाचे हात काळे झाले म्हणून महाराष्ट्राची विद्या बुडाली, असें कोणी म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. संगणकाचीच गोष्ट घ्या. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं जो संगणक बांधला गेला आणि १९६० सालीं कामास लागला, त्यांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या; १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याला टिफ्रॅक हें नांव दिलें. तो मागविलेला नव्हता, बांधलेला होता. बांधणाऱ्यांत गणितीही होते आणि डाखणी धरणारेही होते, आणि पुष्कळ वेळां तीं एकच माणसें होतीं. २,७०० तापलेल्या नळ्यांच्या सान्निध्यांत ज्यांनीं काम केलें त्यांना उष्णता हा संगणकशास्त्राबाहेरचा विषय आहे, असें सांगण्याची कोणाची छाती झाली असती? पुढें १९८० सालीं आय. बी. एम. कंपनीनें आपल्या ३०८१ या यंत्राच्या चिपा थंड पाण्यानें निववल्या. १९८५ च्या क्रे-२ या यंत्राचे भाग तर विजेला अटकाव करणाऱ्या द्रवांत बुडवूनच ठेवलेले असत. आणि आज ज्या कृत्रिम बुद्धीचा डंका सर्वत्र वाजतो आहे तिच्या यंत्रांच्या एकेका कपाटांतून शंभर किलोवॅटांहून अधिक उष्णता निघते, ती पाण्यावांचून निघूंच शकत नाहीं. म्हणजे जो विषय आमच्या दोन शाखांनीं एकमेकींच्या दारांत ढकलला, त्याच विषयावर या क्षणीं साऱ्या जगांतील संगणकगृहांचें घोडें अडलें आहे.

तयार पेटीचा आक्षेप आम्ही थोडक्यांत निकालांत काढतों. तयार पेटी मिळते, आणि पाण्याचा तयार संचही मिळतो. ज्याला तो पुरतो त्यानें अवश्य घ्यावा. परंतु तयार वस्तु घेणाऱ्यास तींत काय सोडून दिलें आहे तें कळत नाहीं. एक खेद मात्र नमूद करावासा वाटतो. या पेटींतला पत्रा साकीनाक्याचा, पण पंप, ठोकळे आणि सांधे सारे परदेशांतून आलेले. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आतांच्या भडकमकर मार्गावर, चौकशी करतां करतां त्याचीं पायतणें झिजलीं. तांब्याच्या ठोकळ्यावर केसाएवढ्या खांचा पाडून देणारा देशी कारखानदार त्याला भेटला नाहीं. ज्या प्रांतानें घरोघरीं तांब्याचे हंडे आणि बंब घडविले त्या प्रांताचा हा दाखला आहे.

आतां चवथा आक्षेप. आक्षेपक म्हणतात, हें पाणी वाया जातें. त्या पेटींत अर्धा लिटर पाणी आहे. तें एकदां भरलें म्हणजे बंद नळ्यांतून वर्षभर तेंच फिरतें. मोठ्या संगणकगृहांची गोष्ट निराळी. त्यांतील पुष्कळ ठिकाणीं मनोऱ्यांत पाणी उडवून, त्याची वाफ करून उष्णता घालवितात. एक मेगावॅट उष्णता अशा रीतीनें घालवावयाची तर दिवसाला सुमारें पस्तीस हजार लिटर पाणी वाफ होऊन जातें, म्हणजे माणशीं १३५ लिटर या सरकारी प्रमाणानें अडीचशेंहून अधिक माणसांचें पाणी. ज्यांना पाण्याची काळजी आहे त्यांनीं हा हिशेब तेथें मागावा. आरे कॉलनीला लागूनच विहार तलाव आहे. १८६० पासून तो मुंबईला पाणी पाजतो आहे, आणि त्याच्या आसपासच्या वारली पाड्यांपैकीं कित्येकांना वर्षानुवर्षें नळ मिळाला नव्हता. अर्ध्या लिटरावर डोळे मोठे करणारांच्या नजरेंतून एवढा तलाव कसा निसटला, याचें आम्हांस नवल वाटतें.

पण विजेचा आणि उष्णतेचा प्रश्न खरा आहे. 'थंड करणें' हा शब्दच फसवा आहे. मे महिन्यांत त्या खोलींत तेहतीस अंश तपमान असलें म्हणजे पेटींतलें पाणी अठ्ठेचाळिसाच्या आसपास असतें. खोलीपेक्षां थंड तें कधींच होत नाहीं, होऊं शकत नाहीं. पंखे थांबवले तर अर्धा लिटर पाणी तीनचार मिनिटांत वीसपंचवीस अंशांनीं चढतें. पाणी उष्णता गिळत नाहीं. उष्णता ही सरकारी नोकरासारखी आहे. तिला बडतर्फ करतां येत नाहीं, फक्त तिची बदली होते. स्वस्थ बसलेलें माणूस सुमारें १०० वॅट उष्णता देतें. तेव्हां रात्रभर चालणारें तें यंत्र म्हणजे त्या दोन खोल्यांत आणखी तीन पाहुणे मुक्कामाला आल्यासारखें आहे. हें त्या तरुणाला पुस्तकानें सांगितलें नाहीं. पहिल्याच रात्रीं आवाज बंद झाला, पण वडिलांना घाम फुटून जाग आली, तेव्हां कळलें. वडिलांनींच मग त्याला डेअरींतली युक्ति सांगितली. तेथें तापवून निघालेलें दूध आणि आंत येणारें थंड दूध पातळ पत्र्यांच्या दोन बाजूंनीं उलट दिशांस वाहतें. निघणाऱ्याची उष्णता येणाऱ्याला मिळते, आणि दोघांचेंही काम अर्धें होतें. तात्पर्य काय, तर उष्णता घालविण्याच्या आधीं ती कोणाला हवी आहे कां तें पाहावें, आणि त्याही आधीं ती निर्माणच कमी करावी. मुलानें दुसरी गोष्ट आधीं केली. चिपांना मिळणारा विद्युद्दाब थोडा उतरविला. गति किंचित् घटली, पण उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत घटते; चारशेंच्या वर जाणारा आंकडा तीनशेंवर आला. आम्हीं वर जो ३०० वॅटांचा हिशेब मांडला तो या उपायानंतरचा आहे. मग पेटी खिडकींत ठेवून रेडिएटरचें तोंड बाहेर केलें. त्याबद्दल तो म्हणाला, "सर, आतां ती बाहेरच्या सावरीला लागते. झाड काहीं बोलत नाहीं म्हणून काम झालें."

हें वाक्य आम्ही विसरलों नाहीं, कारण आरे कॉलनीचा सारा इतिहास त्यांत आहे. शहराला गोठ्यांची घाण नको झाली, गोठे येथें आले. दारा खुरोडी यांनीं ती योजना नेटानें पार पाडली, १९६३ सालीं त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळालें, मुंबईच्या मुलांना बाटलींतलें शुद्ध दूध मिळालें. हें सर्व खरें आणि मोलाचें. पण घाण नाहींशी झाली नव्हती, तिची बदली झाली होती, आणि ज्यांच्या पाड्यांशेजारीं ती आली त्या वारल्यांना कोणीं विचारलें होतें? पुढें मेट्रोच्या गाड्यांना विसाव्याची जागा हवी झाली. २०१९ च्या ऑक्टोबरांत उच्च न्यायालयानें अर्ज फेटाळतांच रातोरात झाडें पडूं लागलीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें ७ ऑक्टोबरास हात धरीपर्यंत दोन हजारांहून अधिक पडून गेलीं होतीं. मग जागा कांजुरमार्गास न्यावयाची ठरली, पुन्हां परत आली; आणि २०२४ च्या ऑक्टोबरांत आरे ते बांद्रा-कुर्ला संकुल ही भुयारी गाडी सुरू झाली. त्या वादांत आमचे सुशिक्षित बंधु दोन्ही पक्षांकडून हिरिरीनें बोलले. आम्हीं दोन्हीकडचीं भाषणें ऐकलीं, आणि दोन्हींत 'दुसरीकडे' हा शब्द मोजला असता तर कागद पुरला नसता. झाडें दुसरीकडे लावूं. कारशेड दुसरीकडे न्या. दुसरीकडे कोण राहतें, तेथलें पाणी कोठें जातें, मिठी नदीला येथूनच पाणी मिळतें आणि २००५ च्या २६ जुलैस तिनें काय केलें, या हिशेबापाशीं येतांच वक्ते टाळ्यांची वाट पाहूं लागत. बारा लिटरांच्या पेटींत 'दुसरीकडे' ही जागाच नसते. पंप दोन बोटें सरकविला कीं तार चेपते, तार सरकविली कीं झांकण लागत नाहीं. अकरा वेळां पुठ्ठा कापून ज्यानें हें अनुभवलें त्याला सभेंतलें 'दुसरीकडे' सहज पचावयाचें नाहीं; आणि आमच्या आक्षेपकांची या खेळण्यावरची नाराजी कदाचित् येथूनच उगम पावत असावी.

त्या अध्यापक मित्रांनीं आम्हांस शेवटचा प्रश्न केला तो असा कीं, पाणी प्रथम प्रोसेसरकडे न्यावें कीं कार्डाकडे. रेडिएटर दोहोंच्या मध्यें नको काय? प्रश्न वाजवी आहे, पण उत्तर त्यांच्याच विषयांत होतें. मिनिटास तीन लिटर पाणी फिरत असतां ३०० वॅटांनीं तें एका फेऱ्यांत दीड अंशही तापत नाहीं. क्रम कोणताही ठेवा. ज्या क्रमानें नळ्या कमी वांकतात तो चांगला.

पेटींतलें पाणी वर्षांतून एकदां बदलावें लागतें. तें काम तो येत्या दिवाळीच्या सुटींत करणार आहे. आक्षेपकांपैकीं ज्यांची इच्छा असेल त्यांनीं त्या दिवशीं आमच्याबरोबर आरे कॉलनींत यावें. बादली आणि कोरडें फडकें तेथें मिळेल, सांधे मात्र स्वतः आंवळावे लागतील.